गिरणीच्या माडीवरचं इंग्रजी

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा साठतात? कोणी मुद्दाम जमवत नाही. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात! आमच्या रविवारच्या वर्गाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कोणी साधं विचारतं, "मॅडम, तुमच्या वर्गातून विद्यापीठात कोण कोण गेलं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि भलतीच गोष्ट सुरू होते. समोरच्याचा चहा गार होतो, माझी गोष्ट काही संपत नाही.

तर मी हिंगोलीत एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला तर प्राध्यापक, नसला तर गृहिणी. रविवारचा वर्ग मात्र माझा स्वतःचा आहे. गावात 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'चे क्लास चिक्कार आहेत. माझा वर्ग फाडफाडचा नाही. पदवी झाली, पुढं मोठ्या विद्यापीठात जायचंय, आणि तिथं गेल्यावर जाडजूड पुस्तकं वाचायची, त्यातलं सार काढायचं, आपलं म्हणणं पुराव्यानिशी लिहायचं, चारचौघांत उभं राहून ते मांडायचं. याची ज्यांना धडकी भरते, त्यांच्यासाठी हा वर्ग.

काढला कशातून म्हणाल, तर रागातून!

*

मी स्वतः एमएला मोठ्या शहरात गेले होते. पहिल्या दिवशी सरांनी तासभर लेक्चर दिलं. मी मान खाली घालून भराभर लिहीत होते. होस्टेलवर येऊन वही उघडली तर पानावर तीन शब्द: 'सो', 'देअरफोर' आणि 'थँक्यू'!

पुढं समजायला लागलं. बोलायला मात्र लागले नाही. दोन वर्षांत मी वर्गात दोनच शब्द बोलले. "प्रेझेंट, सर."

शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं. इंग्रजीतूनच येत होतं! फक्त वाक्य जुळवायला थोडा वेळ लागत होता. तेवढ्यात आमचे सर हसून म्हणाले, "सर, ही मराठवाड्याची आहे. हिला मराठीत विचारा, नाहीतर सोडून द्या."

परीक्षकांनी सोडून दिलं. पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

मी तेव्हा जुळवलेलं ते वाक्य अजून माझ्याकडे पडून आहे. व्याकरणाची एक चूक नाही त्यात!

*

वर्गासाठी रविवारी कॉलेजची एखादी खोली द्या, म्हणून मी आमच्या मोठ्या सरांना भेटले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि प्रेमानं म्हणाले, "मॅडम, पोरांना पासिंगपुरतं शिकवा. उगं त्यांना स्वप्नं काहून दाखवता?"

म्हटलं, "सर, स्वप्नं त्यांची त्यांनाच पडतात. मी फक्त स्पेलिंग तपासते."

खोली मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

मिळाली ती पिठाच्या गिरणीवरची. गिरणीवाले रहीमचाचा आमचे जुने शेजारी. वरच्या माडीत त्यांनी जुनी पोती भरून ठेवली होती. म्हणाले, "पोती काढून घेतो. बस्स, एक तकलीफ आहे. रविवारी सकाळीच गिर्‍हाईक जास्त."

तकलीफ छोटी नव्हती. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, खडू आपोआप टेबलावरून चालत जाऊन खाली पडायचा, आणि तासाच्या शेवटी सगळ्यांचे केस पांढरे! बोलायचं तर ओरडून. माझ्या पोरांना इंग्रजी हळू आवाजात बोलताच येत नाही, त्याचं कारण हे. बाहेरच्यांना वाटतं आत्मविश्वास आहे. आत्मविश्वास कसला, ज्वारी दळायला होती!

पहिल्या वर्षी टिकले तिघं. गोरेगावचा विष्णू, याचे वडील तिथं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात, आणि याला जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचा होता. हिंगोलीचीच शबाना, वडील पत्र्याचे डबे आणि चाळण्या करतात, आई मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळद निवडायला जाते. आणि शिरड शहापूरची वैशाली; बीएड झालेली, एका मुलीची आई, घरी सासू-सासरे. यापुढचे किस्से या तिघांचे.

*

पहिल्या रविवारी मी म्हटलं, "तुम्हाला पुढं काय शिकायचंय आणि का, ते इंग्रजीत एका पानात लिहा."

वीस मिनिटांत तिन्ही कागद आले. अक्षर सुंदर, एक खाडाखोड नाही. वाचले. तिघांनाही डॉक्टर व्हायचं होतं! तिघंही खेड्यातल्या गोरगरिबांची मोफत सेवा करणार होते, आणि तिघांचेही आजोबा वेळेवर औषध न मिळाल्यानं वारले होते.

मी वैशालीला विचारलं, "अगं, तू बीएड. तू कुठली डॉक्टर?"

ती म्हणाली, "मॅडम, दहावीला 'माय एम इन लाइफ' पाठ केलता तो तसाच हाय. म्या 'डॉक्टर'च्या जागी 'टीचर' टाकून पाह्यलं, पण मंग पुढचं आजोबाचं बसंना!"

विष्णू म्हणाला, "माझे तर दोन्ही आजोबा जिते हायेत मॅडम. कालच मोटार उचलू लागले."

त्या दिवशी मी वर्गाचा पहिला नियम केला: ज्याला मारायचं त्याला मारा, पण वाक्य स्वतःचं पाहिजे.

*

विद्यापीठात सगळ्यात आधी लागतं ते दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगणं. तसंच्या तसं उतरवलं तर चोरी. यावर विष्णूनं एक युक्ती काढली होती. मूळ उताऱ्यातला प्रत्येक शब्द काढायचा, डिक्शनरीतून त्याच अर्थाचा दुसरा घालायचा. उतारा होता जमिनीत पाणी मुरण्यावर. पुस्तकातला काळा खडक विष्णूच्या कागदावर 'निग्रो स्टोन' झाला होता, आणि विहिरीचं 'वेल' त्यानं 'व्हेरी गुड' करून टाकलं होतं!

मी कागद बाजूला ठेवला. म्हटलं, "विष्णू, पुस्तक मीट. घरी गेलास, वडलांनी विचारलं आज काय वाचलं, तर काय सांगशील?"

"सांगीन की. आबा, खाली काळा पाषाण हाय. त्याला भेगा असल्या तर पाणी उतरतं, नसल्या तर वरच्या वर वाहून जातं. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला लागलं म्हणून आपल्या बोअरला लागंल असं न्हाई."

लेखकाला हे सांगायला दीड पान लागलं होतं.

"हेच इंग्रजीत लिही," मी म्हटलं.

तो माझ्याकडे संशयानं बघायला लागला. "मॅडम, पण हे तर आमाला पहिल्यापासून ठाऊक हाय. याच्यासाठी फॉरेनच्या माणसाला पुस्तक काहून लिहावं लागलं?"

*

विद्यापीठाच्या इंग्रजीत सगळं जरा सावरून लिहायचं असतं. 'असं आहे' म्हणायचं नाही. 'असं दिसतं', 'असं असू शकतं' म्हणायचं. शबाना मोंढ्यात हळद निवडणाऱ्या बायकांवर एक मोठा लेख लिहीत होती. तिनं पहिलंच वाक्य लिहिलं: मोंढ्यातलं निवडायचं सगळं काम बायका करतात.

मी त्यात लाल पेनानं 'ॲपिअर' घातलं. बायका करतात असं दिसतं.

शबाना उभी राहिली. "दिसतं काहून मॅडम? माझी अम्मी रोज सकाळी डबा घेऊन जाते. भूत हाय का ती, नुसती दिसायला?"

मी 'टेंड टू' सुचवलं. बायकांचा कल असतो, अशा अर्थाचं.

"कल न्हाई मॅडम," ती म्हणाली, "कंबर असते. दुखते ती."

मी लाल पेन खाली ठेवलं. मग मी नीट समजावलं. जे तू डोळ्यांनी पाहिलंस, मोजलंस, ते सरळ लिही. तिथं कोणाच्या बापाला घाबरू नकोस. जे तू फक्त ऐकलंस किंवा अंदाज बांधलास, तिथं 'असू शकतं' लाव.

पुढच्या रविवारी ती लेख घेऊन आली. आठ पानं. कुठेही 'मे बी' नाही, 'ॲपिअर' नाही. सगळी वाक्यं खिळा ठोकल्यासारखी. फक्त एका ठिकाणी होतं: ठेकेदार सांगतो की बायकांना हे काम मनापासून आवडतं, आणि पुढं शबानाचं वाक्य, "द कॉन्ट्रॅक्टर मे बी राइट."

"इथंच बरं 'मे बी' घातलंस?" मी विचारलं.

"मॅडम, त्याचं फक्त ऐकलंय ना. पाह्यलेलं न्हाई!"

*

एकदा कॉलेजात मोठ्या शहरातून एक व्यक्तिमत्त्व विकासाचे सर आले. कोट, कॉलरला माइक, इकडून तिकडं चालत बोलणं. आम्ही चौघंही जाऊन बसलो. सरांनी सुरुवातीलाच आमच्याकडच्या इंग्रजीच्या नकला केल्या. 'स्कूल'चं 'इस्कूल', 'ऑफिस'चं 'हापिस'. पोरं हसली. स्वतःवर हसायची सवय लावलेली असते ना आपल्याला.

मग सर गंभीर झाले आणि म्हणाले, "रिसर्च असं सांगतं, की जो माणूस मातृभाषेत विचार करतो, तो इंग्रजीत कधीच यशस्वी होऊ शकत नाही!"

टाळ्या. शेवटी प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. असं विचारतात तेव्हा कोणी उठायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. विष्णू उठला. गिरणीवरच्या आवाजात त्यानं विचारलं, "सर, विच रिसर्च?"

सर हसले. "भरपूर आहेत."

"सर, एनी वन."

"अरे बाबा, गूगल कर ना. सगळं मिळतं."

विष्णूनं हातातला मोबाईल वर केला. "आय डिड, सर. जस्ट नाऊ."

सर म्हणाले, "वेळेअभावी आपण इथंच थांबू या!"

याचा परिणाम असा झाला, की पुढं महिनाभर तिघंही ज्याला त्याला पुरावा मागत सुटले. वैशालीनं सासऱ्यांना मागितला, घरात दोन दिवस अबोला. विष्णूनं तर सेनगावच्या जीपवाल्याला मागितला. जीपवाला नेहमीसारखा ओरडत होता, "चला, आत्ता निघून राहिली, आत्ता निघून राहिली!"

विष्णू म्हणाला, "कशावरून?"

जीपवाला बिचारा खरा माणूस. म्हणाला, "अजून चार शीटं आल्यावरून."

*

विष्णूला ज्यांच्या हाताखाली शिकायचं होतं ते प्राध्यापक फार मोठे. जमिनीखालच्या पाण्यावर त्यांचं नाव आहे. मी विष्णूला मेल कसा लिहायचा ते शिकवलं. आपण कोण, त्यांचं काय वाचलं, काय विचारायचंय, थोडक्यात आणि अदबीनं. त्यानं पाठवला. उत्तर नाही. दुसरा पाठवला, तिसरा पाठवला. आठ मेल गेले. मी म्हटलं, "राहू दे रे. त्यांना हजार मेल येत असतील."

"न्हाई मॅडम. मी त्यांचा लेख सात बार वाचलो. त्यांनी माझा मेल एक बार तर वाचावा का न्हाई? बराबर हाय का न्हाई?"

नववा मेल त्यानं मला न दाखवता पाठवला. तीन ओळींचा. सर, मी तुमचा लेख सात वेळा वाचला. तिसऱ्या तक्त्यात मराठवाड्याच्या विहिरींची बेरीज चुकली आहे. माझी चूक असू शकते, पण मी वडलांकडूनही तपासून घेतली आहे.

अर्ध्या तासात उत्तर! फोन नंबर पाठवा.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा विष्णू वडलांच्या दुकानातच होता. प्राध्यापक इंग्रजीत म्हणाले, बेरीज खरंच चुकली आहे, इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आली नाही. आणि मग विचारलं, "तुमचे वडील कुठल्या विद्यापीठात असतात?"

"सर, ही इज इन गोरेगाव."

"ओ, गोरेगाव! ईस्ट ऑर वेस्ट?"

"सर," विष्णू म्हणाला, "तालुका सेनगाव."

आता तो त्यांच्याकडेच आहे. त्यांचे सगळे तक्ते छापायच्या आधी त्याच्याकडे येतात म्हणे.

*

वैशालीचं घोडं बोलण्यापाशी अडलं होतं. लिहायची छान, पण उभी केली की आवाज नाहीसा. शेजारच्या जिल्ह्यात विद्यापीठाचा सेमिनार होता. तिथं तिचा निबंध निवडला गेला, पहिलीतल्या लेकरांची घरची भाषा आणि पुस्तकातली भाषा यावर. दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. मी म्हटलं, "घरी कोणासमोर तरी रोज बोलून बघ."

घरी होतं कोण? नवरा म्हणायचा, "मला झोप येऊन राहिली." सासऱ्यांशी तर पुराव्यावरून बिनसलेलंच होतं. उरल्या सासूबाई. त्या शाळेची पायरी न चढलेल्या. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बोल माझ्यापुढं. माझे कान तर रिकामेच हायेत."

वैशाली दहा मिनिटं बोलली. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मला एक अक्षर समजलं न्हाई. पण तू सारखी भुईकडं काहून पाहून राहिली होतीस? खोटं बोलून राहिलीस का?"

"न्हाई आत्याबाई. खरं हाय सगळं."

"मंग वर पाह्य की! आन् एवढी घाई कशाची? मागं कुत्रं लागलं का?"

पुन्हा बोलली. "आता हात काहून चोळून राहिली?" पुन्हा बोलली. आठवडाभर हे चाललं. शेंगा संपल्या, सासूबाईंनी हरभरा घेतला. शेवटी एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "व्हय. आता खरं वाटून राहिलं."

नवरा दारात उभा होता. हसून म्हणाला, "आई, तुला इंग्लिश काय समजतं गं?"

"इंग्लिश न्हाई समजत," त्या म्हणाल्या. "बोलणारी समजते."

सेमिनारच्या दिवशी वैशालीचा नंबर जेवणाच्या आधी शेवटचा. तिच्या आधीच्या तीन सरांनी दहा मिनिटांचा प्रत्येकी अर्धा अर्धा तास केला होता. कोणी घंटा वाजवली नाही. वैशाली उभी राहिली, तशी अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, टू मिनिट्स ओन्ली. लंच इज रेडी."

मी मागच्या रांगेत होते. मला ही खोली ओळखीची वाटली. वेगळं शहर, वेगळी माणसं, पण खोली तीच, माझ्या तोंडी परीक्षेची! मला वाटलं, आता ही 'येस सर' म्हणणार, दोन वाक्यं वाचणार आणि खाली बसणार.

वैशालीनं कागद उलटा ठेवला. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "सर, आय केम बाय थ्री व्हेइकल्स. आय नीड टेन मिनिट्स."

अध्यक्षांनी घड्याळ खाली केलं. दोघं-तिघं जेवायला निघाले होते, ते दारातच थांबले. ती नऊ मिनिटं बोलली. एकजणही उठला नाही. नंतर जेवणाच्या रांगेत दोन प्राध्यापिका तिला शोधत आल्या, निबंध मागायला. त्यातल्या एकीच्याच विभागात ती आता एमएड करते. शनिवारी घरी येते.

त्या दिवशी बाहेर आल्या आल्या तिनं सासूबाईंना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न: "समोर पाह्यलं का?"

"व्हय, आत्याबाई."

"मंग झालं. येताना लेकराला काही तरी घेऊन ये." फोन बंद!

*

आता शबानाचा. शबाना आज देशातल्या एका मोठ्या विद्यापीठात आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मधेच विचाराल, आणि मला मधे थांबवलेलं आवडत नाही.

तिनं अर्जासोबत हळदीचा तो लेख पाठवला होता. मुलाखत ऑनलाइन. नेट माडीवरच बरं चालायचं, म्हणून तिथंच बसायचं ठरलं. मंगळवार, सकाळचे अकरा. रहीमचाचांनी आपणहून गिरणी बंद केली. खाली दहा-बारा बायका दळणाचे डबे घेऊन आलेल्या. त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण एकही बाई 'कधी चालू करता' म्हणाली नाही. सगळ्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. त्या माडीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली.

शबाना लॅपटॉपपुढं. मी लॅपटॉपच्या मागं, भिंतीला टेकून. तिला मी दिसत होते, मुलाखत घेणाऱ्यांना नाही. पडदा मला दिसत नव्हता, आवाज तेवढे ऐकू येत होते.

नाव, गाव, शिक्षण झालं. मग एका भारदस्त आवाजानं म्हटलं, "मिस शेख, हा लेख फार चांगला लिहिलाय. कोणाची मदत घेतली?"

शबाना म्हणाली, "सर, माझ्या मॅडमनी शिकवलं. लिहिला मी."

"हो, हो. पण लिहिला कोणी?"

"मी, सर."

दुसरा आवाज समजूतदार. "घाबरू नका. हिंगोलीसारख्या ठिकाणाहून असं इंग्रजी जरा... म्हणजे आम्हाला फक्त जाणून घ्यायचंय. खरं कोणी लिहिलं?"

मी भिंतीपासून निघाले. लॅपटॉपसमोर जाऊन काय बोलणार होते देव जाणे, पण यावेळी बोलणार होते! शबानानं माझ्याकडे न बघता टेबलाखाली हात हलवला. बसा.

मी बसले.

"सर," ती म्हणाली, "मला दहा मिनिटं द्या. मी आत्ता तुमच्यासमोर लिहिते. तुम्ही बघा."

पलीकडे थोडी कुजबुज. "ठीक आहे. विषय काय देऊ?"

"विषय नको सर. माझ्या लेखाची पद्धत निरीक्षणाची आहे. मी मोंढ्यात बसून कोण काय करतं ते लिहायची. आत्ता समोर जे दिसतंय ते लिहिते."

कोणीतरी हसलं. "ओके. गो अहेड."

शबानानं कागद घेतला. पडद्याकडे बघायची, लिहायची. पुन्हा बघायची, पुन्हा लिहायची. घाई नाही. पलीकडे कपबशांचा आवाज आला. खुर्ची करकरली. दहा मिनिटं झाली, तिनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "मे आय रीड?"

तिनं इंग्रजीत वाचलं. मी मराठीत सांगते.

"समितीत पाच सदस्य आहेत. चार पुरुष, एक स्त्री. आतापर्यंतचे सगळे प्रश्न दोन पुरुषांनी विचारले. उमेदवाराला तिच्या विषयावर एकही प्रश्न विचारलेला नाही. एकच प्रश्न तिला तीन वेळा विचारला आहे. एक सदस्य चहा पीत आहेत. एक सदस्य फोन पाहत आहेत. स्त्री सदस्य सुरुवातीपासून लिहून घेत आहेत. त्यांना अजून कोणीही बोलायला सांगितलेलं नाही."

तिनं कागद टेबलावर ठेवला.

मग 'टक' असं वाजलं. कोणीतरी माइक सुरू केला होता. एका बाईंचा आवाज आला. शांत, जरा घोगरा, बराच वेळ न बोललेल्या माणसाचा असतो तसा.

"मिस शेख, वन करेक्शन."

"येस, मॅडम?"

"टू मेंबर्स आर ऑन देअर फोन्स. नॉट वन."